काळजीवरचा उतारा : बगदाद ते कृष्णाकाठ

सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला. दुकाने, गाड्या जळाल्या. एका तरुणाचा जीव गेला. सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद होते, त्यामुळे खरे काय आणि अफवा कोणती हे कुणालाच कळत नव्हते. आमच्या उर्दू शाळेत त्या आठवड्यात निम्मी बाके रिकामी होती. पुढच्या सोमवारी एक आई आली. मुलगा आठवीत. ती म्हणाली, "आपा, बच्चा घर के भार नै निकलता. और मेरे कू दरवाजे की कडी वाजी तो भी पसीना आता."

मी शिक्षिका आहे, हकीम नाही. आपण सगळे जे म्हणतो तेच मी म्हणाले, "सब्र करो." तिने मान हलवली आणि शांतपणे म्हणाली, "वो तो करतेच हैं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला ते लागले. सब्र हा शब्द मी वर्गात, मय्यतीच्या घरी, निकालाच्या दिवशी कितीदा वापरला असेल याचा हिशेब नाही. पण सब्र करायचा म्हणजे मनाने नेमके काय करायचे, कुठून सुरुवात करायची, हे मला कुणी विचारले असते तर सांगता आले नसते. औषधाचे नाव ठाऊक, कृती ठाऊक नाही, अशी ही गत. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. फ्रॉइड, पियाजे, स्किनर पाठ केले. आपल्याकडे कुणी या विषयावर काही लिहिले असेल असा प्रश्न ना प्राध्यापकांना पडला ना आम्हाला.

लिहिले होते. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी, बगदादमध्ये. पण त्या पुस्तकाकडे जाण्यासाठी आधी अथेन्सच्या एका ओसरीवर जावे लागते.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास झेनो नावाचा सायप्रस बेटावरचा माणूस अथेन्समध्ये शिकवू लागला. तो व्यापारी होता, जहाज बुडाल्यामुळे अथेन्सला आला आणि तत्त्वज्ञानाकडे वळला असे सांगतात. त्याच्याकडे स्वतःची जागा नव्हती. बाजाराजवळ चित्रे काढलेली एक लांब ओसरी होती, तिथे तो बोलत असे. ग्रीक भाषेत ओसरीला 'स्टोआ' म्हणतात, म्हणून त्याचे अनुयायी 'स्टोइक' झाले. अरबांनी या नावाचे सरळ भाषांतर केले : रिवाक म्हणजे ओसरी, म्हणून 'रिवाकिय्यून'. आपण त्यांना 'ओसरीवाले' म्हणायला हरकत नाही.

या ओसरीवाल्यांमध्ये पुढे एक गुलाम झाला, एपिक्टेटस. पायाने अधू. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा. गुलामीतून सुटल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला, पण सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांनाच शहराबाहेर काढले. मग त्याने निकोपोलिस या गावी शाळा काढली. स्वतः एक ओळही लिहिली नाही. एका शिष्याने वर्गातले बोलणे टिपून ठेवले म्हणून ते आपल्यापर्यंत आले. त्याच्या शिकवणीचा गाभा दोन वाक्यांत मावतो. काही गोष्टी आपल्या हातात असतात : आपले मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न. काही नसतात : शरीर, मालमत्ता, लोक काय म्हणतील ते, वरिष्ठाची मर्जी. जे आपले नाही त्याला आपले मानले की भीती सुरू होते.

सांगलीकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की अख्खे शहर आयर्विन पुलाजवळची पातळी फुटात मोजू लागते. २००५ चा पूर पाहिलेले, २०१९ चा त्याहून मोठा पूर पाहिलेले लोक रात्रभर एकमेकांना फोन करतात : किती झाले? पातळी आपल्या हातात नसते. धान्याचे डबे माळ्यावर नेणे, म्हाताऱ्या माणसाला वेळेत नातेवाइकांकडे पोचवणे, शेजारच्या बंद घराचे मीटर बघणे हे हातात असते. पण रात्री दोन वाजता मन नेमके उलटे करते. डबे खालीच राहतात आणि आपण पातळी मोजत बसतो.

आता बगदाद. अबू यूसुफ याकूब बिन इसहाक अल-किंदी यांचा जन्म सन ८०० च्या सुमाराचा. खलीफा मामून आणि मोतसिम यांच्या काळात ग्रीक ग्रंथ अरबीत आणण्याचे जे प्रचंड काम चालले होते, त्यात ते अग्रभागी होते. मोतसिमच्या मुलाचे ते शिक्षकही होते. गणित, प्रकाश, संगीत, औषधे, सुगंधी द्रव्ये, तलवारी अशा विषयांवर त्यांनी लिहिले. अरबांमधला पहिला फैलसूफ म्हणून त्यांचे नाव घेतात. त्यांची एक छोटी रिसाला आहे, 'अल-हीला लि-दफ्इल अहजान', म्हणजे दुःखे दूर सारण्याची हिकमत. एका मित्राने विचारले म्हणून लिहिलेली. तिचे हस्तलिखित इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात होते. रिटर आणि वाल्त्सर या दोन विद्वानांनी ते १९३८ मध्ये छापून प्रसिद्ध केले. तोपर्यंत तिची ओळख मुख्यतः इतरांच्या ग्रंथांतल्या उताऱ्यांवरूनच होत होती.

किंदी सुरुवातीलाच वैद्यासारखे निदान करतात. दुःख म्हणजे काय? आवडते ते हरवल्याने किंवा हवे ते न मिळाल्याने जिवाला होणारी वेदना. मग ते विचारतात की, ज्याचे काहीही हरवले नाही आणि ज्याला हवे ते सगळे मिळाले असा माणूस या नाशवंत जगात आहे का? नाही. तेव्हा नाशवंत वस्तू नाशवंत नसावी अशी इच्छा धरणे म्हणजे नसलेली गोष्ट मागणे. इथवर ते कोरडे वाटते. पण पुढे ते गोष्टी सांगू लागतात आणि रिसाला एकदम जिवंत होते.

सिकंदर मरणाच्या दारात असताना आईला पत्र लिहितो. माझ्या मृत्यूची खबर आली की मोठी मेजवानी दे, पण निमंत्रण देताना सांग की, ज्याच्यावर कधी संकट आले नाही त्यानेच यावे. आईने तसे केले. ताटे वाढून तयार, आणि एक माणूस फिरकला नाही. तेव्हा तिला कळले की, मुलाने मेल्यावरही आपले सांत्वन केले. दुसरी गोष्ट रोमच्या नीरो बादशहाची. त्याला स्फटिकाचा एक अप्रतिम घुमट भेट मिळाला. सगळे वाहवा करत होते. दरबारात एक तत्त्वज्ञ होता, तो म्हणाला, यामुळे तुमचे दारिद्र्य उघडे पडले, कारण हा हरवला तर दुसरा मिळणार नाही. पुढे तो घुमट नेणारे जहाज बुडाले आणि बादशहा खरोखरच दुःखात पडला.

तिसरी गोष्ट जहाजाची. ही मला सगळ्यांत आवडते. प्रवासी जहाजातून घराकडे निघालेत. वाटेत एका किनाऱ्यावर जहाज थांबते. काही जण काम उरकून लगेच परत येतात, त्यांना ऐसपैस जागा मिळते. काही फुले बघत, पाखरे ऐकत रेंगाळतात पण वेळेत येतात. काही शिंपले, रंगीत दगड, फुले ओंजळभर गोळा करून आणतात. त्यांना अडचणीची जागा मिळते, मांडीवर ओझे, फुले कोमेजून वास मारू लागतात आणि शेवटी सगळे समुद्रात फेकावे लागते. काही तर रानात इतके आत जातात की, कप्तानाची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जहाज निघून जाते. एपिक्टेटसच्या वर्गातल्या टिपणांत हीच गोष्ट चार-पाच ओळींत आहे. किंदींनी तिला फुलवले, पण एपिक्टेटसचे नाव घेतले नाही. बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसावे. अधू पायाच्या एका गुलामाची गोष्ट हातोहात फिरत सहा-सात शतकांनी खलीफाच्या शहरात पोचली आणि तिथे ती परकी वाटली नाही, कारण ही दुनिया मुसाफिरखाना आहे हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होते.

किंदींचेच एक नाव पुढे नेणारे अबू जैद बल्खी (८५० ते ९३४). बल्खजवळच्या एका खेड्यातले, शाळामास्तराचा मुलगा. ते बगदादला येऊन किंदींच्या परंपरेत शिकले. त्यांनी 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस' नावाचा ग्रंथ लिहिला, शरीर आणि जीव या दोहोंच्या निगराणीचा. त्यांची तक्रार अशी होती की, हकीम फक्त शरीराचे बघतात, जिवाच्या आजाराकडे कुणी लक्ष देत नाही. राग, भीती, दुःख आणि वसवसा म्हणजे डोक्यात घोळत राहणारे नको ते विचार, असे चार भाग त्यांनी पाडले. दुःखाचेही दोन प्रकार सांगितले : एक ज्याचे कारण ठाऊक आहे ते, दुसरे कारण नसताना येणारे, ज्याचे मूळ शरीरातही असू शकते आणि ज्याला औषध लागते. आज डॉक्टर हाच फरक करतात. म्हणून ज्यांना महिनोन् महिने झोप नाही, अन्न जात नाही, त्यांना नुसता उपदेश पाजू नये, दवाखान्यात न्यावे, हे सांगायला बल्खींचाच आधार घेता येतो.

पण मला त्यांच्यातले सर्वांत उपयोगी वाटले ते अगदी घरगुती आहे. ते म्हणतात की, शहाणा माणूस अचानक दुखणे आले तर असावीत म्हणून घरात काही औषधे ठेवतो. तसेच मन शांत असताना काही विचार तयार करून ठेवावेत. भीती दाटून आली की त्या क्षणी नवा विचार सुचत नाही, तेव्हा ठेवणीतला काढावा. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की, त्या बाईला मी औषध देत होते ते ऐन तापात, आणि तेही रिकामी बाटली.

सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी बल्खींच्या ग्रंथातला जिवाविषयीचा भाग इंग्रजीत आणला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांनी विचार बदलून चिंता कमी करण्याची जी उपचारपद्धती घडवली, तिचे मूळ स्टोइकांत आहे हे त्या दोघांनीही सांगितले आहे. बद्रींचे म्हणणे इतकेच की, मधली पायरी विसरू नका.

आता ही मधली पायरी आपल्या दारापर्यंत कशी आली? किंदींची रिसाला मिस्कवैह (मृत्यू १०३०) यांनी आपल्या नीतिग्रंथात वापरली. मिस्कवैह यांच्या आधारावर नसीरुद्दीन तूसींनी १२३५ मध्ये फारसीत 'अख्लाके नासिरी' लिहिले. त्यात राग, भीती, मरणाचे भय, मत्सर यांच्याबरोबर दुःखाचाही इलाज आहे आणि तिथे किंदींचे नाव येते. हे पुस्तक हिंदुस्थानात शतकानुशतके वाचले गेले. अकबराच्या दरबारात त्याला मान होता. फारसी शिकणाऱ्या मुन्शी-कारकुनांच्या, म्हणजे कायस्थ, खत्री, ब्राह्मण मुलांच्याही अभ्यासात अशी अख्लाकची पुस्तके असत. ओसरीवाल्यांचे नाव कुठेच नव्हते, त्यांचा उतारा मात्र होता.

मात्र फारसी ही दरबाराची आणि दफ्तराची भाषा. विजापूर, मिरज, कऱ्हाड, सातारा हा सगळा टापू आदिलशाहीखाली असला तरी इथली विणकर, पिंजारी, शिकलगार, बागवान यांची घरे तूसी वाचत नव्हती. त्यांच्यापर्यंत जे आले ते तर्काच्या वाटेने नाही, श्वासाच्या वाटेने आले.

गजालींच्या 'इह्या'त मुराकबा आणि मुहासबा यांवर एक स्वतंत्र भाग आहे. मुराकबा म्हणजे लक्ष ठेवणे, पहारा देणे. मुहासबा म्हणजे दिवसाचा जमाखर्च मांडणे. (रोमच्या सेनेकाचाही असाच परिपाठ होता. दिवा मालवला, बायको गप्प झाली की तो दिवसभराचे आपले वागणे तपासत असे.) नक्शबंदींच्या आठ नियमांतला पहिला आहे 'होश दर दम', प्रत्येक श्वासात जाग. चिश्तींमध्ये 'पासे अन्फास' आहे, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या श्वासाला कलम्याचा एकेक भाग जोडणे. आज मोबाईलवर ध्यान शिकवणारे पैसे घेऊन जे सांगतात, श्वासाकडे बघा, मन भटकले की परत आणा, त्यापेक्षा हे फार वेगळे नाही. फरक असला तर इतका की, इथे श्वास कुणाचा तरी आहे. मालक ठाऊक आहे.

विजापूरच्या शाहपूर टेकडीवर मीरांजी शम्सुल उश्शाक यांची खानकाह होती. त्यांचे पुत्र शाह बुर्हानुद्दीन जानम यांनी १५८२ मध्ये 'इर्शादनामा' लिहिला तो फारसीत नव्हे, दखनीत. कारण ऐकणारे दखनी बोलत होते. आणि याच परंपरेतून एक विलक्षण प्रकार जन्मला, चक्कीनामा. बायका पहाटे जात्यावर बसून म्हणत ती ही दखनी गाणी. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या ग्रंथात त्यांचा शोध घेतला आहे. या गाण्यांत जात्याचा खुंटा अलिफ होतो, अल्लाहची खूण. मधला कणा पैगंबरांची (स.) आठवण होतो. हात फिरतो तसा जिक्र फिरतो. खानकाहच्या आत बाईला जागा असो-नसो, खानकाह तिच्या स्वयंपाकघरात आली. सूत कातताना म्हणायचे चरखानामे, बाळाला झोपवताना म्हणायचे लोरीनामेही होते.

हे वाचून मी थांबले, कारण माझी नानी. ती निरक्षर. जाते बंद होऊन घरात गिरणीचे पीठ आले तरी पहाटे सुपात तांदूळ निवडताना ती पुटपुटत असे. आम्ही मुले हसायचो. खडा सापडला की पुटपुटणे थांबायचे, खडा बाजूला, पुन्हा सुरू. मराठी ओवी म्हणणारी शेजारीण आणि ती, दोघींची लय एकच होती. नानाचा धंदा बसला तेव्हा, मामा गेला तेव्हा, दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे सूप हातात होतेच. तिला कुणी सब्र म्हणजे काय असे विचारले असते तर तिनेही काही सांगितले नसते. पण तिच्याकडे कृती होती.

या टापूत हे काम एकट्या मुसलमानांनी केले असे मी म्हणत नाही. साताऱ्याजवळचा सज्जनगड बघा. पूर्वीचा परळीचा किल्ला. त्याच्या दरवाजावर आदिलशाही काळातला फारसी शिलालेख आजही आहे आणि वर समर्थ रामदासांची समाधी. त्यांचे 'मनाचे श्लोक' २०५ आहेत आणि सगळे बोलणे स्वतःच्या मनाशी आहे. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस लढाईच्या छावणीत रात्री जी वही लिहीत होता, तिच्या ग्रीक नावाचा अर्थही 'स्वतःसाठी' असाच आहे. एकाने दुसऱ्याचे वाचले असा दावा कुणी करू नये. मनाला समोर बसवून बोलायचे हे दोघांनाही गरजेतून सुचले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' तर १६४५ चा, म्हणजे समर्थांचाच काळ. त्यात लढाई आहे ती माणसाच्या आतल्या शत्रूंशी. आपला माणूस, मराठी ओवी, आणि आपल्याच घरांतून त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणखी एक नाव. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. तिथे काही काळ प्रा. रा. द. रानडे तत्त्वज्ञान शिकवीत. तेच पुढे अलाहाबाद विद्यापीठात गेले आणि कुलगुरू झाले. ग्रीक तत्त्वज्ञानाचे ते मोठे अभ्यासक. पण त्यांची रोजची बैठक नामस्मरणाची होती, आणि ते नाम त्यांना जत तालुक्यातल्या उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून मिळाले होते. ग्रीक पुस्तके एका हाताला आणि श्वासाबरोबरचे नाम दुसऱ्या हाताला, हे सांगली जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी एका माणसात नांदत होते.

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना अंथरला, नमाज अदा केली, तंबोरा जुळवला आणि दरबारी रागात अल्लाहचे नाव घेत प्राण सोडला, अशी हकिगत त्यांचे शिष्य सांगत आले. मिरज हे तंबोऱ्याचे गाव. ते बनवणारे घराणे शिकलगारांचे, तलवारींना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे काम संपले तेव्हा ते हात तारांकडे वळले. या सगळ्यात स्टोइक कुठे आले असे कुणी विचारील. फलाटावर, परक्या मुलखात, कळ आलेली असताना तंबोरा जुळवणे, यात हातात काय आहे आणि काय नाही याचा निवाडा पूर्ण झालेला आहे.

इथवर सगळे सुंदर आहे. पण एक गोष्ट मला किंदींच्या रिसालेत खटकते आणि ती लपवून पुढे जाणे बरे नाही. ते म्हणतात की, आपल्याकडे जे आहे ते उसने आहे. देणाऱ्याने दिले, तो हवे तेव्हा, हव्या त्या हाताने परत घेईल, मग तो हात शत्रूचा का असेना. मय्यतीची खबर ऐकून आपण जे शब्द उच्चारतो त्यांचा अर्थही हाच की, आम्ही त्याचे आणि त्याच्याकडेच परतणारे. ही श्रद्धा माझीही आहे. पण जिच्या शेजारच्या तालुक्यात दुकाने जळाली त्या बाईला मी हे वाचून दाखवू? शत्रूच्या हाताने नेले, नेऊ दे, म्हणू? मग ज्यांनी जाळले त्यांचे काय? २००९ मध्ये गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून मिरज-सांगली पेटली तेव्हाही आपल्याला शांत राहायलाच सांगितले गेले. सब्र म्हणजे गप्प बसणे असेल तर तो औषध नाही, तो तोंडावर ठेवलेला हात आहे.

याचे उत्तर मला रिसालेत मिळाले नाही. किंदींच्या आयुष्यात मिळाले.

खलीफा मुतवक्किलच्या काळात वारे फिरले. बनू मूसा म्हणजे मूसाचे मुलगे, स्वतः नामांकित गणिती, दरबारात वजनदार. त्यांनी कान भरले. किंदींना मार बसला आणि त्यांचे सगळे ग्रंथालय जप्त होऊन बनू मूसांच्या ताब्यात गेले. माणसाचे खरे धन कुणी हिरावू शकत नाही असे लिहिणाऱ्याची पुस्तके गाडीत भरून नेली. किंदी तेव्हा काय म्हणाले याची नोंद नाही. पुढचे मात्र इब्ने अबी उसैबिआ यांनी हकिमांच्या चरित्रांत लिहून ठेवले आहे.

खलीफाने बनू मूसांना कालवा खणायचे काम दिले. त्यांनी ते फरगानींवर सोपवले. हिशेबात चूक झाली : कालव्याचे तोंड पुढच्या पात्रापेक्षा खोल गेले. नदीला पूर नसेल तेव्हा पाणी पुढे सरकणार नाही. खलीफाला कुणकुण लागली. चौकशीसाठी त्याने सनद बिन अली या गणितीला बोलावले. चूक खरी ठरली तर बनू मूसांना कालव्याच्या काठीच सुळावर चढवणार होते. ते सनदच्या पाया पडले. सनद आणि किंदी यांचे फार सख्य होते असे नाही, सनदने ते स्वतःच सांगितले. पण तो म्हणाला, तुम्ही किंदींशी जे केलेत ते न्यायाचे नव्हते. आधी त्यांची पुस्तके परत करा, मग बोलू. पुस्तके गेली. नुसता निरोप सनदने मानला नाही. सगळी पोचली असे किंदींच्या हातचे लिहून आणा म्हणाला. ते आणल्यावर त्याने सांगितले, दजलेला चार महिने पूर राहील, तोवर पाणी वाहील, तोवर मी चूक नाही म्हणेन. दोन महिन्यांतच, ८६१ मध्ये, मुतवक्किल मारला गेला.

किंदींनी मन शांत ठेवले की नाही हे त्यांचे त्यांना. पण पुस्तके परत आली ती दुसऱ्या कुणी तरी न्याय मागितला म्हणून, आणि लेखी पोच घेतली म्हणून. एपिक्टेटसच्या वाटणीतही प्रयत्न हा आपल्या हातातल्या बाजूला आहे, हे त्याचे नाव घेणारे पुष्कळदा विसरतात. फिर्याद देणे, वकील गाठणे, पंचनाम्याची नक्कल मागणे हे सगळे त्याच बाजूला येते. निकाल दुसऱ्या बाजूला. उंट मोकळा सोडून तवक्कुल करणाऱ्या बदूला पैगंबरांनी (स.) काय सांगितले हे तर आपल्या तिसरीतल्या मुलांनाही पाठ आहे.

ती बाई नंतर पुन्हा आली, मुलाला घेऊन. मी त्यांना बाकावर बसवले आणि उपदेश केला नाही. मुलाला एक जुनी वही दिली, मधोमध रेघ मारायला सांगितली. एका बाजूला माझ्या हातातले, दुसऱ्या बाजूला नसलेले. त्याने दुसरी बाजू आधी भरली : मोबाईलवरचे मेसेज, गल्लीतली पोरे, पोलीस, अब्बाची गाडी उशिरा येणे. पहिली बाजू बराच वेळ कोरी होती. मग त्याने लिहिले, फजरला उठणे. मग, गणिताची वही पूर्ण करणे. मग थोडा थांबून, अब्बाला फोन करून विचारणे, कुठे आहात. आईला मी नानीचे सूप सांगितले. दाराची कडी वाजली की उठण्याआधी तीन श्वास, प्रत्येक श्वासाला अल्लाहचे नाव, आणि हे आज, मन बरे असताना करून ठेवायचे, बल्खींच्या औषधांसारखे. ती हसली. म्हणाली, "ये तो मेरी सास करती थी."

मग वेळ होता म्हणून मी दोघांना किंदींच्या पुस्तकांची गोष्ट सांगितली, दखनीत, जमेल तशी. मुलाला कालव्याची चूक फार आवडली, त्याने पाटीवर उतार काढून बघितला. आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तो सगल्या किताबां वापस मिल्यां?"

मी म्हटले, हो. त्यांच्या हातचे लिहून घेतले होते.